क्रोमची सायकल : रंग आणि नाव

विद्यार्थीमित्रहो, मूलद्रव्यांची नावे आपण घोकून पाठ करतो. परंतु त्या नावांचा अर्थ काय, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतो. क्रोमियम हेच नाव घ्या. ग्रीक भाषेत ‘क्रोमा’ म्हणजे रंग. १७९७ साली वोक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सायबेरियातून आलेल्या एका तांबड्या खनिजात हा धातू शोधून काढला. त्याच्या निरनिराळ्या क्षारांत पिवळा, नारिंगी, हिरवा, तांबडा असे नाना रंग दिसून आले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. माणकाची लाली आणि पाचूची हिरवाई हीदेखील याच धातूच्या अल्पशा अंशाची देणगी होय. आणि गंमत अशी की, ज्याच्या नावातच रंग आहे, तो धातू आपल्या अंगावर दुसरा रंग सहसा टिकू देत नाही! ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती खरी; पण तिचा पुरता प्रत्यय मला गास गावातील एका जुन्या सायकलीने आणून दिला. त्या सायकलीचा वृत्तांत येथे पाठ म्हणून देत आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला. त्याच्या आजोबांची सायकल घराच्या पडवीत कित्येक वर्षे उभी होती. आजोबा हयात असताना याच सायकलीवर वाडीतील भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या लादून पहाटेच्या अंधारात नालासोपारा स्टेशन गाठीत. ती सायकल त्यांनी मुंबईस कोणाकडून तरी जुनी विकत घेतली होती. पुढे चार पैसे गाठीस लागल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने तिच्या सांगाड्यावरील काळा रंग उतरवून संपूर्ण सांगाड्यास क्रोमचा मुलामा करविला. आता तो मुलामा जागोजाग फुगला होता, त्यातून तांबूस गंज ओघळत होता. मुलाने विचारले, “गुरुजी, याच्यावर रंग कसा द्यावा? आणि जुन्या कंपनीचे नाव व चिन्ह कोठे मिळेल?”

प्रश्न दोन होते. पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्रात सापडले. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र आम्हां सर्वांचीच थोडी परीक्षा झाली.

मुलामा का फुटला?

प्रथम गंजाचे कारण पाहू. सायकलीवरील चकाकी क्रोमियमची असली, तरी त्याचा थर अतिशय पातळ असतो. पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्याखाली निकेलचा थर असतो, तो सुमारे दहा ते पंचवीस मायक्रॉन जाडीचा; आणि कधीकधी त्याच्याही खाली तांब्याचा. लोखंडाचे खरे रक्षण निकेल करते. क्रोमियम त्या निकेलला काळवंडू देत नाही आणि आपली निळसर झळाळी वर देते. विजेच्या साहाय्याने असा मुलामा देण्याची कला १९२० नंतरच्या दशकात व्यवहारात आली. त्यापूर्वीच्या सायकलींचे चकचकीत भाग केवळ निकेलचे असत.

आता या मुलाम्यात एक जन्मजात उणीव आहे. क्रोमच्या थरात सूक्ष्म भेगा असतात, आणि निकेलच्या थरात कोठे ना कोठे सुईच्या अग्राहून बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून खारट ओलावा लोखंडापर्यंत पोहोचला की तेथे एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो. निकेल व लोखंड यांच्या जोडीत झिजण्याचे काम लोखंडाच्या वाट्यास येते. जस्ताचा मुलामा असता तर नेमके उलटे घडले असते : जस्त स्वतः झिजून लोखंडास वाचविते. म्हणूनच पाण्याच्या बादलीस जस्त चढवितात. निकेल-क्रोमचा थर अभंग आहे तोवरच तो रक्षणकर्ता. एकदा का त्यास भोक पडले की तोच खालच्या लोखंडाचा वैरी होतो. गासपासून भुईगाव, कळंब, राजोडी यांचे किनारे दूर नाहीत. समुद्राचे वारे मिठाचे कण घेऊन आपल्या वाड्यांवरून वाहतात, आणि चार महिने पावसाळ्याची दमट हवा असते. अशा ठिकाणी पडवीत उभ्या असलेल्या सायकलीचे काय होणार, हे निराळे सांगावयास नको.

रंग का धरत नाही?

क्रोमियमचा हवेशी संबंध येताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अदृश्य, घट्ट पापुद्रा तयार होतो. तो इतर द्रव्यांशी सहसा संयोग पावत नाही. शिवाय पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत. रंगास नख रोवावयास जागाच नाही. अशा पृष्ठावर बाजारातील साधा रंग फासला, तर तो काही दिवस सुंदर दिसेल. नंतर एखादा दगड उडून लागताच केळीच्या सोपटासारखा सोलून येईल.

विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाने यावर आपला एक उपाय शोधला होता. त्याने मिठाच्या तेजाबाचे एक कॅन आणले होते, आणि वाडीतील बावखलाच्या काठी सांगाडा ठेवून त्यावर तेजाब ओतण्याचा बेत केला होता. हे कानी येताच मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. तेजाबाने क्रोम विरघळते, हे खरे आहे. परंतु त्या वेळी हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो, तेजाबाच्या वाफा डोळ्यांस व फुप्फुसांस अपाय करतात, आणि तेजाब क्रोमपाशी न थांबता उघड्या लोखंडासही खाऊ लागते. आणि उरलेले हिरवे पाणी जाणार कोठे? बावखलात! आपल्या पूर्वजांनी खणलेल्या या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर वाड्या जगल्या, शेजारच्या विहिरींना पाझर राहिला. त्यात धातूंचे क्षार व तेजाब सोडणे म्हणजे एका सायकलीच्या शोभेसाठी सबंध वाडीच्या पाण्यात विष कालविणे होय.

दुसरा एक प्रकार याहूनही घातक आहे. सोड्याच्या पाण्यात वस्तू बुडवून बॅटरीच्या विजेने घरच्या घरी क्रोम उतरविण्याची युक्ती काही जण सांगतात. त्यात पाणी पिवळे होते. तो पिवळा रंग सहा संयुजेच्या क्रोमियमचा असतो, आणि ही संयुगे कर्करोगास कारण होतात, हे सिद्ध झालेले आहे. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात भारतातील क्रोमाइट खनिजाचा बहुतेक साठा आहे. तेथील पाण्यात याच क्रोमियमचा अंश उतरल्याने मोठी चिंता उत्पन्न झालेली आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी कदापि करू नये. मुलामा मुळापासून काढणे अगत्याचेच असेल, तर ज्याच्याकडे सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आहे अशा मुलामा देणाऱ्या कारखान्याकडेच ते काम सोपवावे. थोरल्या भावाने ऐकले. तेजाबाचे कॅन न उघडता परत गेले.

योग्य रीत

मग आम्ही पुढीलप्रमाणे काम केले. शाळेच्या कर्मशाळेत दर शनिवारी दोन तास, असे सहा आठवडे ते चालले.

प्रथम सायकल पूर्ण सोडविली. प्रत्येक नट व छर्रा निरनिराळ्या डब्यांत ठेवून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. सांगाडा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन मग भरपूर गोड्या पाण्याने खळखळला. कारण मिठाचा अंश रंगाखाली अडकला, तर नव्या रंगाखालीच गंज सुरू होतो. नंतर जुने ग्रीस थिनरच्या फडक्याने पुसले.

ज्यांना क्रोमच राखावयाचे असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. किरकोळ गंज असल्यास ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची गोळी पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावी. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्यामुळे चकाकीस ओरखडा पडत नाही, आणि गंज निघून जातो. आमच्या सायकलीची चाके व हँडल आम्ही असेच उजळविले. सांगाडा मात्र या उपायापलीकडे गेला होता.

सांगाड्यावरील जेथे जेथे मुलामा सुटला होता, तेथे तेथे तो खरवडून काढला. उरलेला घट्ट मुलामा तसाच ठेवला. सुटलेल्या थराची कड बोटास लागणार नाही इतकी घासून उतरती केली. मग १८० नंबरचा व त्यानंतर ३२० नंबरचा पाणपेपर ओला करून सर्व सांगाडा घासला. खूण एकच : कोठेही झळाळी उरता कामा नये. नळ्यांच्या सांध्यांत, जेथे बोट पोहोचत नाही, तेथेच आळशी कारागिराचा रंग प्रथम सुटतो. हे घासणे ओलेच करावे, नाकातोंडावर मुखवटा असावा, आणि निघालेला चिखल कागदावर घेऊन निराळा बांधावा. मडगार्डांवर जुना रंग होता. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तेथेही हीच काळजी घेतली. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात दहा लाखांत नव्वद भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगाची खात्री कोणी द्यावी?

घासल्यानंतर सांगाड्यास उघड्या हाताने स्पर्श केला नाही. बोटांवरील तेलही रंगास मारक असते. मग इपॉक्सी जातीचे, दोन द्रव्ये मिसळून तयार होणारे अस्तर दिले. धातूस धरून राहण्याचा गुण या अस्तरात आहे; साध्या अस्तरात तो नाही. सर्व आट्यांवर व सीटच्या नळीच्या तोंडावर आधी चिकटपट्टी लावली होती. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक बुजू नये म्हणून तेथे थर अगदी पातळ ठेवला. तो क्रमांक हीच सायकलीची खरी ओळख. अस्तर वाळल्यावर बारीक पेपरने हात फिरवून काळ्या रंगाचे तीन पातळ थर दिले. एक जाड थर दिला असता तर ओघळ आले असते आणि आतील भाग कच्चा राहिला असता. हे काम आम्ही डिसेंबरात केले. पावसाळ्यात केले असते, तर हवेतील बाष्पामुळे रंगावर पांढुरकी साय धरली असती. तुषाराने फवारावयाचे जे दोन द्रव्यांचे पॉलियुरेथेन रंग बाजारात मिळतात, त्यांत आयसोसायनेट असते. ते साध्या मुखवट्याने अडत नाही, म्हणून शाळेत ते वापरले नाहीत. ज्यांना भट्टीतील पावडरचा रंग हवा असेल त्यांनी तो कारखान्यातूनच करून घ्यावा. परंतु जुना मुलामा तेथे नीट उतरविला अथवा खरबरीत केला आहे, याची आधी खात्री करावी.

अक्षरे आणि चिन्हे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जुन्या सायकलींवर कंपनीचे नाव तीन प्रकारांनी असे. डोक्याच्या नळीवर पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा बिल्ला रिव्हेटांनी ठोकलेला. नळ्यांवर ‘ट्रान्सफर’, म्हणजे कागदावर छापून पाण्याने वा वार्निशाने धातूवर उतरविलेले चित्र. आणि कारागिराने बारीक लांब केसांच्या ब्रशाने ओढलेल्या सोनेरी रेघा. सांगाड्याचा काळा रंग उतरविला त्या दिवशीच आमच्या सायकलीचे ट्रान्सफर नाहीसे झाले होते. बिल्लाही नव्हता.

हरवलेली चित्रे परत मिळविण्याचे मार्ग आहेत. तशीच दुसरी सायकल शोधून तिच्यावरील चित्रावर पातळ कागद ठेवावा व त्याचा ठसा घ्यावा. जवळ पट्टी ठेवून छायाचित्र काढावे. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. मूळ बिल्ले व अक्षरे कशी असत, हे अशा ठिकाणी डोळ्यांनी पाहता येते. ब्रिटनमध्ये जुन्या सायकलींच्या अभ्यासकांचा क्लब आपल्या सभासदांसाठी जुन्या ट्रान्सफरांच्या प्रतिकृती छापवून घेतो. आणि आपल्या गावोगावचे पाट्या रंगविणारे चित्रकार अद्याप हयात आहेत. त्यांच्या हाताची सर छापील कागदास येत नाही.

येथे थोडी भूमितीही उपयोगी पडते. नळीवर गुंडाळावयाचे चित्र सपाट कागदावर किती रुंद काढावे? खालच्या नळीचा व्यास सव्वा अष्टमांश इंच असे एका विद्यार्थ्याने घाईने सांगितले. मोजता तो एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर निघाला. त्यास ३.१४ ने गुणिले असता परीघ सुमारे ९० मिलिमीटर येतो. चित्र नळीच्या तिसऱ्या हिश्शावर दिसावयाचे असेल, तर त्याची रुंदी ३० मिलिमीटर ठेवावी. वरची नळी एक इंच व्यासाची. तिचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. चित्र लावण्यापूर्वी रंग पुरता वाळू द्यावा, आणि वरून पारदर्शक वार्निश देण्याआधी ते एखाद्या भंगार तुकड्यावर पारखून घ्यावे. थिनरयुक्त वार्निशाने खालचा रंग सुरकुततो, आणि छापील शाई विरघळते.

कोणाचे नाव?

घरात सर्वांचे म्हणणे होते की, ही सायकल अस्सल विलायती रॅले होय. आजोबा तसेच सांगत. पुढच्या दातेरी चाकात बगळ्याच्या मानेची आकृतीही कोरलेली होती. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे ते सुप्रसिद्ध चिन्ह. मुलगा आनंदला. परंतु मी त्यास म्हणालो, “चाक बदलता येते. सांगाडा काय म्हणतो ते विचारू.”

नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याची एक खोड होती. पायडलांचा कणा ज्या नळकांड्यात बसतो, त्याचे आटे इतर बहुतेक कारखाने इंचास २४ पाडीत. रॅले मात्र आपल्या नेहमीच्या सायकलींवर इंचास २६ पाडी. आम्ही लेथच्या कारखान्यातून आटे मोजण्याचे गेज आणले. २६ चे पाते बसेना. २४ चे पाते चपखल बसले. पुन्हा पाहिले, उलट बाजूने पाहिले. उत्तर बदलले नाही. सांगाडा नॉटिंगहॅमचा नव्हता. बगळ्याचे चाक मागाहून केव्हातरी बसविलेले होते.

त्या काळी सांगाडे नाना ठिकाणचे असत. मुंबईस वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना होता. बंगालमध्ये आसनसोल येथे सेन-रॅले होती. या दोन्ही कंपन्यांचे १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले, आणि आज त्यांच्या सायकली आठवणीतच उरल्या आहेत. आमचा सांगाडा कोणाचा, हे ठोकलेल्या क्रमांकावरून ठरविता आले नाही. तो रॅलेचा नाही, एवढे मात्र निश्चित झाले.

नेमक्या याच सुमारास जुन्या सायकली विकत घेणारे एक गृहस्थ त्यांच्या घरी आले. नवा काळा रंग पाहून ते प्रसन्न झाले. ते म्हणाले, “रॅलेचे ट्रान्सफर मी आणून देतो. ते लावा, म्हणजे मी दुप्पट किंमत देईन. चाक तर बगळ्याचे आहेच. कोण आटे मोजावयास बसला आहे?” घरची स्थिती बेताची. वाडीचे उत्पन्न पूर्वीसारखे राहिलेले नाही, आणि थोरल्या भावाच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर होता. वडिलांनी मला विचारले, “सर, तुम्ही काय म्हणता? आमचे बाबा तर रॅलेच म्हणत होते. आम्ही खोटे कोठे बोलतो?”

मित्रहो, हा प्रश्न सोपा नव्हता, आणि मी तो सोपा असल्याचा आव आणला नाही. आजोबा खोटे बोलले नव्हते. विकणाऱ्याने सांगितले ते त्यांनी मानले. परंतु आता आम्ही मोजले होते. न जाणता उच्चारलेले चुकीचे नाव ही चूक. जाणून लावलेले तेच नाव ही फसवणूक. मी एवढेच म्हणालो की, निर्णय घरच्यांचा आहे. पण शाळेच्या कर्मशाळेत ते चित्र या सांगाड्यावर चढणार नाही.

वडील काही वेळ गप्प राहिले. मग मुलाची आजी, जी इतका वेळ पडवीत मोगऱ्याच्या कळ्या ओवीत बसली होती, ती म्हणाली, “कंपनीने काय कधी पाट्या वाहिल्या? ज्याने वाहिल्या त्याचे नाव लिहा.”

तसेच झाले. पाट्या रंगविणाऱ्या एका चित्रकाराने वरच्या नळीवर सोनेरी अक्षरांत आजोबांचे नाव लिहिले, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘गास’. रेघा मुलाने स्वतः ओढल्या. त्या दोन ठिकाणी किंचित वाकड्या आहेत. बगळ्याचे चाक आहे तेथेच ठेविले, कारण तेही त्या सायकलीच्या आयुष्याचा एक भाग आहे. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. थोरल्या भावाच्या खर्चाची तजवीज वडिलांनी दुसऱ्या रीतीने, बऱ्याच कष्टाने केली. ही गोष्ट मी लपवून ठेवीत नाही, कारण खऱ्याची किंमत कोणाला तरी द्यावीच लागते.

आज तो विद्यार्थी त्याच सायकलीवरून शाळेत येतो. गेल्या आठवड्यात एका लहान मुलाने त्याला विचारले, “ही कोणत्या कंपनीची रे?” तो म्हणाला, “ठाऊक नाही. पण चालविली कोणी ते ठाऊक आहे.”

ज्यांना या सुट्टीत आपल्या घरची सायकल अशीच नीट करावयाची असेल, त्यांनी प्रथम तिचा क्रमांक शोधून वहीत उतरून ठेवावा, आणि मगच पाणपेपर हाती घ्यावा.